सीफूड चालतं का? म्हणजे नेमकं काय काय चालतं?

अर्धा_कप_चहा | ८ जून, रात्री ९:१२

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावरून वाद पेटलाय.

सासऱ्यांचा पोटाचा सीटी स्कॅन करायचा होता. गेल्या गेल्या हातात फॉर्म. मधुमेह, दमा, किडनीचा त्रास, आणि मग 'सीफूडची ॲलर्जी आहे का? हो / नाही'. सासरे मूळचे वेंगुर्ल्याचे. बांगडा रोज वाढला तरी कंटाळायचे नाहीत. पण कोळंबी पोटात गेली की अर्ध्या तासात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. मी 'हो'वर खूण केली. त्यांनी ती खोडली. म्हणाले, "उद्या कोणी वाचलं तर वाटेल मी मासे सोडले." मी परत खूण केली. तेवढ्यात सासूबाईंनी पेन घेऊन समासात लिहिलं, 'खेकडा चालतो'. काउंटरवरच्या मुलीने तो कागद वाचला, आमच्याकडे बघितलं आणि कागद घेऊन आत गेली ती बराच वेळ आलीच नाही.

दुसरा किस्सा शेजारचा. जेवायला बोलावताना विचारलं, "तुमच्याकडे सीफूड चालतं ना?" चालतं काय, धावतं! गेलो, तर ताटात बासा. बिचाऱ्यांनी प्रेमाने केलं होतं, नाव ठेवत नाही. पण मनात सुरमईची तुकडी धरून गेलो होतो.

तर तुम्ही 'सीफूड' म्हणता तेव्हा त्यात काय काय धरता? नदीचे मासे? सुकट? खेकडे? आणि कोणी डॉक्टर असतील तर फॉर्मचंही सांगा. (स्कॅन झाला, सासरे ठणठणीत आहेत.)

---

तारकर्लीचो_झील | ८ जून, रात्री ९:४०

सासऱ्यांचा बरोबर आसा. आमच्या आवशीन उभ्या जन्मात 'सीफूड' म्हटलला नाय.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. ह्या शब्दाची गरज ज्याला नावं माहीत नसतात त्याला. रापण ओढताना कधी बघितली आहे का? होडीने जाळं अर्धगोल टाकत नेतात आणि दोन्ही टोकांना माणसं लागून ते किनाऱ्यावर ओढतात. शेवटचा खोळ वाळूवर आला की त्यात पेडवे, बांगडे, मुडदुशे, एखादी लहान मोरी, दोन-चार माकुल (स्क्विड), कुर्ल्या (खेकडे), नशीब असेल तर शेवंड (लॉबस्टर), सगळं एकत्र तडफडत असतं. तिथे उभी असलेली बाई डोळ्याची पापणी लवायच्या आत ते वेगळं करते. पेडवे एका पाटीत, मुडदुशे वेगळे, कुर्ल्या नांग्या सांभाळून तिसरीकडे. तिला 'सीफूड द्या' म्हणालात तर ती तुमच्याकडे बघून हसणार आणि भाव चढवून सांगणार.

हॉटेलच्या पाटीवर ठीक आहे. पर्यटकाला एका शब्दात कळतं की आत शिरायला हरकत नाही.

---

कट्टर_शाकाहारी | ८ जून, रात्री ९:५५

धागा वाचतोय. आमच्यासाठी मीठ हेच सीफूड. :)

---

ह्यूस्टनचा_हरी | ८ जून, रात्री ११:०३

इथे अमेरिकेत ह्या शब्दात समुद्र नावालाच उरलाय. कॅटफिश तळ्यातला, क्रॉफिश चिखलातला, तिलापिया टाकीतला, आणि सगळे 'सीफूड'च्या काउंटरवर शेजारी शेजारी. आमच्याकडे वसंतात लुइझियाना पद्धतीचं क्रॉफिश बॉइल असतं. मोठ्या पातेल्यात मसाला, मका, बटाटे आणि ते लालभडक कीटकासारखे प्राणी. गोड्या पाण्यातलेच, पण कोणी त्याला सीफूड नाही म्हटलं तर मारतील.

गंमत पुढे आहे. इथल्या अन्न-औषध प्रशासनाचे सीफूड प्रक्रियेचे १९९५ चे नियम आहेत. त्यात 'फिश'च्या व्याख्येत खारे-गोडे मासे, कवचवाले प्राणी, जेलीफिश, बेडूक, पाण्यातली कासवं आणि चक्क मगर येते. वगळलेत फक्त पक्षी आणि सस्तन प्राणी. म्हणजे सरकारदरबारी मगर हा मासा. बघा सासऱ्यांच्या समासात बसतं का.

---

नुस्तेंखोर | ९ जून, सकाळी ७:२०

बेडूक म्हटलं की आम्हा गोंयकारांकडे सगळे बघतात. 'जंपिंग चिकन' म्हणून पावसाळ्यात बेडूक खायची खोड होती, चोरून अजूनही आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे तो. पहिल्या पावसात टॉर्च घेऊन शेतात फिरणाऱ्यांना वनखात्यावाले पकडतात. तेव्हा कृपया आमच्या ताटात ते घालू नका.

आमच्या ताटात शीत, कडी आणि नुस्तें. नुस्तें म्हटलं की सुंगटां (कोळंबी) आली, तिसऱ्यो (शिंपल्या) आल्या, कुर्ल्यो आल्या, खारें (सुकं) पण आलं. बाजारात जाताना माणूस 'नुस्त्याक वता' म्हणतो आणि येताना पिशवीत शिणाणे (काळ्या शिंपल्या) घेऊन येतो, त्याला कोणी विचारत नाही की अरे नुस्तें कुठे आहे. आणि सोमवारी शिवराक (शाकाहारी). हॉटेलवाल्यांचं सीफूड वाराला जुमानत नाही, नुस्तें जुमानतं.

---

क्ष_किरण | ९ जून, दुपारी १:३५

धागाकर्ते, तुमचा फॉर्म बघून आमच्या विभागातले जुने फॉर्म आठवले. जरा सविस्तर लिहितो, कारण ह्या एका ओळीमुळे लोक उगाच घाबरतात आणि ज्याला घाबरायचं त्याला घाबरत नाहीत.

सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून जे रंगद्रव्य देतात त्यात आयोडीन असतं. समुद्री खाण्यातही आयोडीन असतं. त्यावरून कधीकाळी कोणीतरी समीकरण मांडलं की कोळंबीची ॲलर्जी म्हणजे आयोडीनची ॲलर्जी, म्हणजे रंगद्रव्य धोक्याचं. हे समीकरण चूक आहे. आयोडीन तुमच्या घरच्या मिठात आहे, गळ्यातल्या थायरॉइडमध्ये आहे, त्याच्याविना जगता येत नाही. कोळंबीची ॲलर्जी होते ती तिच्यातल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनामुळे, निदान बहुतेकांना तरी. कोळंबीचं वावडं असलेल्या माणसाला रंगद्रव्याचा धोका इतर कुठलीही ॲलर्जी असलेल्या माणसापेक्षा वेगळा नसतो. तरी ती ओळ फॉर्मांवरून जात नाही. छापून ठेवलेलं कोण बदलणार?

खरं विचारायचं ते असं: पूर्वी ह्याच रंगद्रव्याने त्रास झालाय का, दमा आहे का, किडनी कशी आहे. ते प्रश्न तुमच्याही फॉर्मवर असतील, त्यांची उत्तरं नीट द्या.

आता सासऱ्यांच्या पथ्याचं. परांचे मासे (बांगडा, सुरमई, पापलेट) आणि कवचाचे प्राणी (कोळंबी, खेकडा, शेवंड) ह्यांची ॲलर्जी निराळी. माशाचं त्रासदायक प्रथिन पार्वाल्ब्युमिन. त्यामुळे कोळंबी न चालणारा माणूस बांगडा बिनधास्त खाऊ शकतो, तुमचे सासरे खातातच. पण कोळंबी आणि खेकडा हे जवळचे नातेवाईक. एकाची ॲलर्जी असेल तर दुसऱ्याची असण्याची शक्यता बरीच मोठी. 'खेकडा चालतो' हे सासूबाईंनी कशाच्या जोरावर लिहिलं ते विचारा. खरोखर अलीकडे खाऊन काही झालं नसेल तर गोष्ट वेगळी, पण ओठ सुजत असतील तर एकदा ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. प्रयोग घरी करू नका. तिसऱ्या, कालवं, माकुल हा तिसरा गट, त्यातही ट्रोपोमायोसिन असतं, पण नातं जरा लांबचं.

आपल्याकडच्या पाकीटबंद अन्नाच्या लेबलांवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे 'मासे' आणि 'कवचधारी' असे वेगळे इशारे लिहावे लागतात, हे योग्यच आहे. शिंपल्यांचा गट मात्र आपल्या यादीत वेगळा नाही, युरोपात आहे.

ता. क. गुडघेदुखीसाठी ग्लुकोसामाइनच्या गोळ्या घेत असतील तर पाकीट वाचा. ती पुष्कळदा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून करतात.

---

अर्धा_कप_चहा | ९ जून, दुपारी २:१०

डॉक्टरसाहेब, लाख आभार. सासूबाईंना विचारलं. खेकडा त्या स्वतः खातात! 'चालतो' म्हणजे घरात चालतो, असा अर्थ होता. सासऱ्यांनी खेकडा कैक वर्षांत खाल्लेला नाही, फोडायचा कंटाळा म्हणून.

---

तारकर्लीचो_झील | ९ जून, दुपारी २:२५

हा हा हा. फोडूचो कंटाळो म्हणान जीव वाचलो.

---

पेणची_पोर | ९ जून, संध्याकाळी ६:४८

समुद्र आणि नदी अशी रेघ मारणारे सगळे एकदा आमच्या खारेपाटात येऊन जा.

जिताडा घ्या. पिल्लं भरतीच्या पाण्याबरोबर खाडीतून आत येतात, शेततळ्यात वाढतात, आणि अंडी घालायला जिताडा परत खाऱ्या पाण्याकडे जातो. आमच्याकडे घरामागच्या तळ्यात जिताडा पाळतात आणि लग्न ठरलं, पाहुणा आला की काढतात. तो सीफूड की तळेफूड? निवटी घ्या. ती चिखलावर सरपटते, ओहोटीला कांदळवनात हात घालून धरतात. धड पाण्यात नाही, धड जमिनीवर नाही. आमच्या आजीच्या लेखी ह्या सगळ्याला म्हावरा हा एकच शब्द, आणि त्यात खाडी, तळं, दर्या असा भेद नाही.

आता तर काय, चिवणीचे दिवस आले. पहिला जोरदार पाऊस पडून खाडीचं पाणी गढूळ झालं की ही मिशीवाली वर चढते, पोटात अंडी गच्च. आंबट घालून कालवण केलं की घरात दुसरं काही शिजवायची गरज नाही. आणि समुद्र बंद असला तरी आगोटीची सुकी मासळी आहेच. मे महिन्यात बोंबील, सोडे, जवळा, वाकटी भरून ठेवली नाही ते घर पावसाळ्यात शेजाऱ्याच्या वासावर जेवतं.

---

गणिताचा_मास्तर | ९ जून, संध्याकाळी ७:१५

पेणच्या ताई, चवीचं मान्य. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात बंदी कशासाठी आहे? माशांनी अंडी घालावी, पिल्लं वाढावी म्हणून. आणि आपण खाडीत नेमकी अंड्याची चिवणी उचलायची? गावोगाव 'आली का चिवणी' म्हणून व्हिडिओ फिरतात. मग दोन वर्षांनी 'पूर्वीसारखी मिळत नाही हो'.

---

पेणची_पोर | ९ जून, संध्याकाळी ७:५२

मास्तर, हे आम्हाला शिकवू नका. माझ्या आजोबांच्या हातात विणलेलं पागेर (हाताने फेकायचं जाळं) होतं. पागून पागून किती मिळणार? चिवणी कमी झाली ती खाडीत कारखान्याचं पाणी आलं, भराव पडले, बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं आणि बारीक आसाची (भोकांची) जाळी प्रवाहात आडवी लागली म्हणून. बारीक जाळ्याबद्दल बोलत असाल तर मी तुमच्या बाजूने. पण शहरात बसून बंदीच्या महिन्यात सुरमई मागवणारे आम्हाला अंडी दाखवतात तेव्हा राग येतो.

---

गणिताचा_मास्तर | ९ जून, रात्री ८:३०

राग समजू शकतो. बारीक आसाच्या जाळ्यावर आपलं एकमत, तेवढं पुरे. सुरमई मी मागवत नाही, मला परवडत नाही.

---

जुना_ससून | ९ जून, रात्री १०:१६

बंदीत सुरमई कुठून येते हा चांगला प्रश्न आहे, म्हणून लिहितो. माझं आयुष्य बर्फ आणि मासळीत गेलं, आता घरी बसलोय.

पश्चिम किनारा १ जूनला बंद होतो. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे ह्या क्षणी, आपण टंकतोय तेव्हा, दोन्ही किनारे यांत्रिक नौकांना बंद आहेत. पंधरा तारखेनंतर तिकडचा माल बर्फात घालून इकडे येऊ लागतो. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी नाही, पण पावसाळी समुद्रात त्या किती लांब जाणार? त्यामुळे आत्ता 'ताजी सुरमई' म्हणून जे मिळतं ते बहुतेक शीतगृहातलं. ते वाईट असतं असं नाही. नीट गोठवलेला मासा उन्हात तीन तास ठेवलेल्या ताज्या माशापेक्षा शंभर पटीने बरा. फक्त ताजा म्हणून विकू नये.

कोळंबीचं वेगळंच. तुम्हाला वर्षभर एकसारख्या मापाची, साफ केलेली कोळंबी मिळते ना, ती बहुतेक व्हॅनामाय. मूळ ही लॅटिन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याची जात. २००९ पासून आपल्याकडे तिची शेती सुरू झाली आणि आंध्रात तळ्यांचा समुद्र झाला. देशाची सागरी निर्यात म्हणून जे आकडे पेपरात येतात त्यात सगळ्यात मोठा वाटा ह्या तळ्यातल्या कोळंबीचा. सागरी नावाच्या मालातला मोठा भाग सागर न बघता बोटीवर चढतो!

आणि तुमचा बासा. तो व्हिएतनामच्या मेकाँग नदीतला. काटा नाही, वास नाही, म्हणून हॉटेलवाल्यांना सोयीचा. चव नाही हेही खरं.

---

धानाचा_पट्टा | १० जून, सकाळी ८:०५

आम्ही भंडाऱ्याकडचे. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर. पण मासे म्हणाल तर आमच्याइतके खाणारे तुम्हाला सापडणार नाहीत.

आमच्याकडे मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. धानाच्या शेतीसाठी बांधलेले, त्यातच मासे. ढीवर समाजाची पिढ्यानपिढ्यांची मासेमारी आणि आता त्यांच्या सहकारी संस्था. रोहू, कतला, मृगळ हे सोडलेले मासे. पण खरी चव देशी माशाची. मरळ डाळिंबासारखी महाग झाली आहे. झिंगे वाळवून ठेवतात आणि वांग्यात, नाहीतर सांबारात (तुमची कोथिंबीर हो) टाकतात. आजारी माणसाला मरळीचा रस्सा देतात.

आणि ह्यातला एकही प्राणी समुद्राचा नाही. नागपूरच्या हॉटेलात 'सीफूड' अशा ठळक अक्षरांखाली रोहू फ्राय, मरळ मसाला लिहिलेलं असतं, आणि कोणाला काही वाटत नाही. मुंबईचा पाहुणा आला तर तो पापलेट मागतो. चार दिवस बर्फात प्रवास केलेलं पापलेट खातो, शेजारच्या तलावातली सकाळची मरळ सोडून. मी सांगून दमलो.

---

जुना_ससून | १० जून, सकाळी ८:४०

+१. पापलेटचं वेड आम्हीच लावलं. २०२३ मध्ये सरकारने त्याला राज्य मासा केलं, त्याच वर्षी गुजरातने घोळीला. मान मिळाला, चांगलं झालं, पण मान मिळाला तो मासे कमी होत चालले म्हणून हेही लक्षात ठेवा. तळहाताएवढं पापलेट विकत घेऊ नका. घेणाऱ्यांनी बंद केलं की आणणारे बंद करतील.

---

खारा_वारा_अश्दोद | १० जून, दुपारी १२:३०

नमस्कार. मी इस्राएलमधून. आमचं घराणं रेवदंड्याकडचं, बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू. घरी मराठी बोलतो, मुलं समजतात, उत्तर हिब्रूत देतात.

आमच्याकडे हा प्रश्न फार पूर्वीच सुटला आहे. धर्माचा नियम असा की पर आणि खवले दोन्ही असलेला मासाच खायचा. म्हणजे बांगडा चालतो, रावस चालतो. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, माकुल नाही. मुशी (शार्क) नाही. शिंगाळा नाही, कारण त्याला खवले नाहीत, आणि त्याच न्यायाने पेणच्या ताईंची चिवणीही नाही, कितीही लाळ सुटली तरी. इथल्या भाषेत सीफूडला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'समुद्राची फळं', आणि त्यात मासे येतच नाहीत. फक्त आम्हाला वर्ज्य असलेलं सगळं येतं. त्यामुळे 'तुम्ही सीफूड खाता का' म्हणून इथे विचारलं तर आजी ठामपणे 'नाही' म्हणायची आणि उठून माशाच्या कालवणाला नारळाचं दूध काढायची.

आजीची रीत सांगते. बाजारात मासा हातात घेतला की आधी शेपटीकडून डोक्याकडे उलटा नखाने खरवडायची. कोळीण म्हणायची, "माझ्याकडून घेतेस तर काय तपासतेस?" आजी म्हणायची, "तुला नाही, माशाला तपासते." खवला नखाला लागला की घासाघीस सुरू.

---

नुस्तेंखोर | १० जून, दुपारी १२:५१

काय सुरेख! कोकणात राहून चिंबोरी न खाणं म्हणजे तपश्चर्या.

---

हळदीचं_पान | १० जून, दुपारी ३:०४

माझा अनुभव क्ष_किरण यांना विचारायचा आहे. मागे एका लग्नाच्या रिसेप्शनमध्ये बांगडा फ्राय खाल्ला आणि पाऊण तासात चेहरा लालभडक, डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड. डॉक्टरांनी सुई दिली, बरी झाले. कागदावर लिहिलं 'सीफूड ॲलर्जी'. तेव्हापासून मासे बंद. पण त्याआधी जन्मभर बांगडा खात होते आणि त्या दिवशी माझ्या जावेलाही तसंच झालं होतं.

---

क्ष_किरण | १० जून, रात्री ९:२०

जावेलाही झालं हा शेवटचा धागा तुम्ही सहज टाकलात, पण तोच महत्त्वाचा. एकाच ताटातलं खाऊन दोघींना एकदम होतं तेव्हा ॲलर्जीपेक्षा मासा बिघडलेला असण्याची शंका आधी घ्यायची.

बांगडा, सुरमई, कुपा, तारली ह्या माशांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा पकडल्यापासून ताबडतोब बर्फात गेला नाही तर जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. ॲलर्जीत आपलं शरीर जे रसायन सोडतं तेच हे, फक्त इथे ते बाहेरून ताटातून येतं. म्हणून लक्षणं सारखी: चेहरा लाल, डोकेदुखी, धडधड, अंगाला खाज. औषधही तेच लागू पडतं. आणि वाईट गोष्ट अशी की तळून, उकळून हिस्टामाइन जात नाही. वासही दर वेळी येतोच असं नाही. कधी कधी जिभेला मिरीसारखं चुरचुरतं, तेवढीच खूण. तसं वाटलं तर घास टाकून द्या, यजमानांची भीड बाळगू नका.

पण मी इथे बसून तुम्हाला 'खा' म्हणणार नाही. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जा, हे सगळं सांगा, जावेचं नक्की सांगा. बांगड्याची चाचणी करता येते. ती नकारात्मक आली तर तुमचे मासे परत मिळतील. आणि चिठ्ठीवर 'सीफूड' लिहून घेऊ नका. काय खाल्लं होतं त्याचं नाव लिहायला लावा.

---

हळदीचं_पान | १० जून, रात्री ९:४४

बापरे. इतकी वर्षं सुक्या बोंबलाच्या वासावर भागवतेय मी. उद्याच वेळ घेते.

---

कट्टर_शाकाहारी | ११ जून, सकाळी १०:१०

सगळे इतके गंभीर झालात म्हणून परत आलो. आमच्या मातोश्रींना काल हा धागा वाचून दाखवला. "आपल्या सात पिढ्यांत समुद्रातलं काही खाल्लं नाही" असं म्हणत त्या दूध आटवून त्यात चायना ग्रास घालत होत्या.

---

गणिताचा_मास्तर | ११ जून, सकाळी १०:१८

चायना ग्रास लाल समुद्रशेवाळापासून काढतात. सांगितलंत का त्यांना?

---

कट्टर_शाकाहारी | ११ जून, सकाळी १०:२१

मला घरात राहायचं आहे, मास्तर.

---

ह्यूस्टनचा_हरी | ११ जून, सकाळी १०:४५

मीठ, शेवाळ... सात पिढ्यांचं सीफूड!

अवांतर: इथल्या देशी मंडळींच्या पॉटलकला 'क्रॅब सॅलड' येतं. त्यातल्या त्या लाल-पांढऱ्या कांड्यांत खेकडा बहुधा नावापुरता असतो. पांढऱ्या माशाचा धुतलेला लगदा, त्याला सुरिमी म्हणतात, वर रंग.

---

जुना_ससून | ११ जून, दुपारी १२:०२

सुरिमीचे कारखाने आपल्या रत्नागिरीतही आहेत. राणी मासा त्यात जातो. पूर्वी ह्या माशाला बाजारात फारसं कोणी विचारत नव्हतं. पण त्या कांड्यांत अंड्याचा पांढरा भाग आणि खेकड्याचा अर्कही असू शकतो, तेव्हा ॲलर्जीवाल्यांनी आणि अश्दोदच्या ताईंनी पाकीट वाचल्याशिवाय हात लावू नये.

---

अर्धा_कप_चहा | ११ जून, रात्री ८:३३

धागा कुठल्या कुठे गेला, मजा आली. शेजाऱ्यांना आता आमच्याकडे बोलावलंय. ह्या वेळी मी विचारलं: बांगडा? हो. कोळंबी? हो. तिसऱ्या? तिथे वहिनी थांबल्या. म्हणाल्या, "खाल्ल्या नाहीत कधी, पण खाऊन बघू." आता मलाच भीती. तिसऱ्या मी आयत्या खाल्ल्यात, साफ कधी केल्या नाहीत. बायको म्हणते तू बोलावलंस, तू निस्तर. खाडीच्या तिसऱ्या मिळतील असं मासळीवाल्या मावशी म्हणाल्यात. रेती कशी काढायची?

---

पेणची_पोर | ११ जून, रात्री ९:०५

सोपं आहे. आणल्या की आधी चार-पाच पाण्यांनी खळखळून धुवा, शिंपल्या एकमेकींवर घासल्या जातील अशा. मग मिठाच्या पाण्यात तासभर ठेवा. पाणी चाखून बघितलं तर समुद्रासारखं खारट लागलं पाहिजे. त्या जराशा उघडतात आणि रेती टाकतात. पातेलं हलवू नका, नाहीतर मिटतात. नंतर वरच्या वर हाताने उचलून घ्या. पाणी ओतून काढलंत तर तळाची रेती परत त्यांच्यावरच पडेल.

उघड्या दिसतील त्यांच्यावर टिचकी मारा. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर मेलेली, फेका. दयामाया नको. एक मेलेली तिसरी पूर्ण पातेलं बिघडवते.

---

तारकर्लीचो_झील | ११ जून, रात्री ९:३०

एकशिपी करा. विळीवर उभ्या धरून मधोमध उघडायच्या, मांस एका शिंपलीत ठेवायचं, रिकामी शिंपली टाकायची. पहिल्या वेळेला हात कापून घ्याल, म्हणून पाच मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, ढिल्या होतात. आतलं पाणी सांडू देऊ नका, ताटात धरा आणि फडक्यातून गाळून कालवणात घाला. मीठ शेवटी, चाखून. त्यांचं स्वतःचं भरपूर असतं.

---

पेणची_पोर | ११ जून, रात्री ९:४१

आणि न कापता अख्ख्या शिजवल्यात तर झाकण ठेवा, तोंडं उघडली की आच बंद. शिजूनही ज्या उघडल्या नाहीत त्या जबरदस्तीने उघडू नका, बाजूला काढा. मावशींना सांगा सकाळी लवकर येतो म्हणून. दुपारपर्यंत पाटीत राहिलेल्या ह्या दिवसांत घेऊ नका. आणि सासऱ्यांना पहिल्यांदा बांगडाच वाढा, त्यांच्या पातेल्याचा डाव (पळी) वेगळा ठेवा.